दोरीवर राहिलेली चिठ्ठी

पाध्ये सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत दोन मोबाइल होते. पुण्यात मी जिथे काम करते तिथे मोबाइलवरचे खेळ तयार होतात, आणि एकच खेळ वेगवेगळ्या फोनांवर सारखा चालतो की नाही हे पाहण्यात माझी अर्धी सकाळ जाते. तिसरा, माझा स्वतःचा फोन टेबलावर थरथरला. रत्नागिरीहून दिलीप बोलत होता, क्लासमधला माझा जुना सोबती. "मनीषा, सर गेले गो. पहाटे, झोपेतच." मी नुसतं "बरं" म्हटलं. मग विचारलं, "काकू?" तो म्हणाला, "काकू ठीक आहेत. मलाच चहा करून दिला त्यांनी."

सर दीड वर्ष अंथरुणावर होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यामुळे पहिला विचार आला तो 'सुटले' हाच. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो फार स्वार्थी होता. आता ते सांगायचं राहिलं... आठ वर्षं मी एक गोष्ट सरांना सांगायची ठरवत होते. दर दिवाळीला ठरवत होते. आता ऐकणारंच कोणी उरलं नव्हतं.

मी पूर्णगडची. वडिलांची छोटी होडी आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि पदवीपर्यंत पोचलेली तर आजवर एकटीच. १९९८ साली मी रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एसटीने जायचे-यायचे. स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर पाध्ये सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, सहा स्टुलं आणि एक पंखा. सर वीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे संसार असा दोन गावांत वाटलेला. शेवटी सर नोकरी सोडून घरी आले आणि त्यांनी क्लास काढला. बाकीचे क्लास टायपिंग आणि पत्रांचे नमुने शिकवत तेव्हा सर सी भाषा शिकवत. "पत्र लिहायला काय, पोस्टाच्या दारातला माणूसपण लिहून देतो," असं म्हणायचे.

त्यांना एक खेळ तयार करायचा होता. रत्नागिरीत, मराठीत, आमच्या समुद्राचा. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, ओहोटीला होड्या आत घेता येत नाहीत, भरतीची वाट पाहावी लागते. खेळणाऱ्याने होड्या मासे भरून वेळेवर आत आणायच्या, घाई केली तर होडी वाळूत रुतणार, उशीर केला तर मासळी खराब होणार. कल्पना त्यांची, होड्यांची चित्रं दिलीपने आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढली होती, आणि भरती-ओहोटीचा भाग माझ्याकडे आला. "हिच्या घरात चालतं ते, हिलाच कळेल," सर म्हणाले.

मला काहीच कळलं नाही. पाणी एक मिनिटाने चढवायचं आहे, म्हणजे कॉम्प्युटरला एक मिनिट थांबायला सांगायचं, अशी माझी साधी समजूत. तसं लिहिलं. कॉम्प्युटर खरोखरच थांबला. होड्या दगडासारख्या उभ्या, पक्षी हवेत अडकलेला, बटणं दाबून उपयोग नाही. एक मिनिटाने पाणी चढलं आणि मग पुन्हा सगळं जिथल्या तिथे. सर मागे येऊन उभे राहिले.

"काय गो, तुझा बाबा भरतीची वाट बघतो तेव्हा काय करतो? खाडीकडे तोंड करून तासभर उभा राहतो?"

"नाही सर. जाळी शिवतात. डिझेल आणायला जातात. कधी झोपतातपण."

"आणि भरती आली की?"

"उठतात."

"उठवतं कोण?"

मला खरंच माहीत नव्हतं. घरी जाऊन वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "उठवायला कशाला होवा कोण? पानी इला की कळतंच." दुसऱ्या दिवशी ते सरांना सांगितलं तेव्हा सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "तुझ्या बाबाला कळतं. ह्या ठोकळ्याला कळत नाही. त्याला चिठ्ठी लिहून ठेवावी लागते."

त्या दिवशी त्यांनी माडीच्या एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि घरून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले. एकेका चिमट्यात एकेक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी: केव्हा, काय, आणि मग कोणतं काम करायचं. त्यांनी समजावलं ते असं. कॉम्प्युटरने थांबायचं नाही. होड्या हलवाव्यात, पक्षी उडवावा, आणि प्रत्येक फेरीत दोरीवर एक नजर टाकावी. ज्या चिठ्ठीची वेळ झाली असेल तिच्यावरचं काम करावं, चिठ्ठी काढावी, पुढे चालू लागावं. भरतीचं काम झालं की तेच काम जाता जाता ओहोटीची चिठ्ठी लावून जाईल, आणि ओहोटीचं काम पुन्हा भरतीची. म्हणजे एकदा पहिली चिठ्ठी लावली की समुद्र आपला आपण चालत राहील. आजही नवी मुलं कामावर आली की मी त्यांना टायमर शिकवते तो याच दोरीवरून. फक्त चिमटे फळ्यावर काढते.

दोरी मग शिकवण्यापुरती राहिली नाही. सर तिच्यावर सगळंच लावू लागले. "चार वाजता, झेरॉक्सवाल्याची किल्ली, परत देणे." "गुरुवार, पंख्याला तेल, दिलीपने घालणे." माझ्यासाठी रोज एक चिठ्ठी असायची: "सव्वापाच, मनीषाची एसटी, ओरडणे." सव्वापाचला सर खरंच ओरडायचे, मी जिन्यावरून धावत उतरायचे, आणि ते ती चिठ्ठी काढून दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवायचे. नियम एकच आणि कडक. काम झालं की चिठ्ठी काढायची, आणि काम झाल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही. एकदा दिलीपने तेल न घालता चिठ्ठी काढली तर सरांनी त्याला शेजारच्या दुकानातून तेल आणायला लावलं, भर उन्हात. त्यांचा आणखी एक नियम होता, मुंबईच्या नोकरीतून आलेला. ज्याने जो भाग लिहिला त्याच्या डोक्यावर त्याने आपलं नाव घालायचं, आणि दुसऱ्याच्या भागाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मग त्यात कितीही ढळढळीत चूक दिसो.

दीड वर्षाने खेळ तयार झाला. सरांचे मुंबईचे एक जुने सहकारी लहान मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ काढणाऱ्या एका कंपनीत होते. ते खेळ पाहायला रत्नागिरीला येणार असं ठरलं. त्यांना आवडला तर असे खेळ आमच्या माडीवर तयार होणार होते, आणि आम्हा चार-पाच जणांना पदवीनंतर गाव सोडावं लागणार नव्हतं. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं होतं. ते शेजाऱ्यांना सांगून मोकळे झाले होते.

पाहुणे येण्याआधी दोन दिवस मी क्लासला गेले नाही. आईला ताप होता. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा पाहुणे येऊन बसलेसुद्धा होते आणि सर नवा शर्ट घालून मशीनपाशी उभे होते. एकच काळजी होती, लाइटची. आमच्याकडे तेव्हा दिवसातून चार-पाचदा लाइट जायची. म्हणून सरांनी एका मांडववाल्याकडून जनरेटर आणून खाली झेरॉक्सच्या दारात ठेवला होता. पाहुणे खेळले. छान रंगले. हरले. "पुन्हा," म्हणाले आणि नवा खेळ सुरू केला. आणि पाणी वेड्यासारखं वागू लागलं. चढता चढता मध्येच उतरायचं, उतरता उतरता चढायचं. होड्या भरतीत रुतायला लागल्या. तिसऱ्यांदा खेळले तेव्हा खाडी दमलेल्या कुत्र्यासारखी धापा टाकत होती.

"पाध्ये," पाहुणे हसत म्हणाले, "तुमच्या कोकणात दिवसाला भरत्या किती येतात हो?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. नवा खेळ सुरू करण्याचा भाग माझा. त्यात मी भरतीची पहिली चिठ्ठी लावली होती, पण आधीच्या खेळाची दोरीवर राहिलेली चिठ्ठी काढली नव्हती. दुसऱ्या खेळात दोन समुद्र चालले होते, तिसऱ्यात तीन. आणि हे दीड वर्षात कोणाच्याही लक्षात का आलं नाही? कारण आमच्याकडे लागोपाठ दोन डाव कधी झालेच नव्हते. एक डाव संपला की काहीतरी बदलायला आम्ही खेळ बंद करायचो, नाहीतर लाइटच जायची. आली की मशीन नव्याने सुरू व्हायचं, दोरी कोरी. त्या एका दिवशी, जनरेटर दारात उभा असताना, लाइट एकदाही गेली नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोनच येतात," ते म्हणाले. "ही चूक माझी आहे."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं तो भाग कोणाचा ते. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, "सर, ते मी लिहिलंय." पाहुणे गेले, जनरेटर गेला, सव्वापाच झाले, सर ओरडले, मी एसटी पकडली. ते वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी एक ओळ घातली: नवा खेळ सुरू होताना आधी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाक. सर आले, त्यांनी लागोपाठ चार डाव खेळून पाहिले, "आता ठीक," म्हणाले. बस. मुंबईचं काम आलं नाही. वर्षभराने सरांनी क्लास बंद केला आणि एका शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागले. मला पुढे शिकायला पुण्याला जा असं त्यांनीच सांगितलं, अर्ज त्यांनीच भरून घेतला, आणि एका दुपारी वडिलांना समजवायला एसटीने पूर्णगडला आले. वडील म्हणाले, "तुम्ही सांगताव म्हंजे जाऊ दे." मी आज जे काही कमावते, जी काही आहे, ती त्या एका दुपारमुळे. आणि त्याच माणसाचा क्लास आपल्या एका विसरलेल्या ओळीमुळे बुडाला, आणि तो दोष आपण त्याला आपल्या डोळ्यांदेखत घेऊ दिला, हे मी बरोबर घेऊन हिंडत होते. सर आजारी पडेपर्यंत दर रविवारी सकाळी दहाला मी त्यांना फोन करायचे. कामाचं, हवेचं, आंब्याच्या मोहोराचं बोलणं व्हायचं. ते एक सोडून सगळं.

आजारपणात त्यांना शेवटचं भेटले ती गेल्या दिवाळीत. पुढच्या खोलीत कॉटवर होते. मनाशी पक्कं करून गेले होते. पण मला पाहिल्याबरोबर त्यांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवला. तोंडातून नुसता आवाज. पुन्हा हात, पुन्हा आवाज. काकू म्हणाल्या, "तुला चहा दे म्हणतायत. करते हो, करते." चहा आला, मी घेतला. त्यांचा हात पुन्हा वर गेला. काकू म्हणाल्या, "आता खायलाही देते." सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना त्रास होतोय असं वाटून मी उठले.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी रत्नागिरीला गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या, "आतच ये गो," म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्या घराच्या आतल्या खोलीत पहिल्यांदाच जात होते. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि मागचा पुढचा विचार न करता सगळं सांगून टाकलं. भरती, पाहुणे, चपला, सगळं. "काकू, क्लास माझ्यामुळे बंद पडला."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "वेडी की काय तू? त्या पाहुण्याचं पत्र आलं होतं. पंधरा दिवसांत. खेळ आवडला होता त्याला. म्हणाला, पाध्ये, तुम्ही मुंबईत या, इथे बसून करा काम. हे जायला तयार होते." त्यांनी पदराला हात पुसले. "मी नको म्हटलं. वीस वर्षं हे तिकडे आणि मी इकडे. गणपतीला आणि मे महिन्यात नवरा बघायचा. मी म्हटलं, आता पुन्हा नाही. क्लास बंद करा, शाळेत शिकवा, पण घरी जेवायला या. म्हणजे तुमचा क्लास बुडवला तो मी. तुम्हा पोरांना काय तोंड दाखवू असं वाटायचं मला. म्हणून तू आलीस की मी आपली चहा करायला आत."

मग काकूंना हसू फुटलं, आणि मग मला. तीनच आठवड्यांपूर्वी माणूस गेलेल्या त्या घरात असं हसावं की नाही, कळत नव्हतं. पण आवरेना. छातीवरून कोणीतरी ओलं पोतं उचलावं तसं वाटलं.

"आणि चूक म्हणशील," डोळे पुसत काकू म्हणाल्या, "तर ती बघ. तुझ्या मागे."

मी वळले. खिडकीपासून फडताळापर्यंत तीच नायलॉनची दोरी. चिमटे तेच, लाकूड काळं पडलेलं. गॅसची चिठ्ठी होती, औषधांच्या चार होत्या, आता कामाच्या नसलेल्या. आणि अगदी टोकाला एक पिवळी पडलेली. चिमट्याच्या तारेचा गंज तिच्यावर उतरला होता. सरांचं अक्षर: "पाहुण्यांच्या आधी. नवा खेळ सुरू होताना जुनी भरती काढली आहे का? मनीषाला विचारणे."

"तू दोन दिवस आली नव्हतीस ना, तेव्हा लावली होती त्यांनी क्लासात," काकू म्हणाल्या. "चूक दिसली होती त्यांना. पण तुझा भाग, तुला विचारल्याशिवाय हात कसा लावायचा? आणि तू आलीस तेव्हा पाहुणा समोर बसलेला. विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी ही चिठ्ठी खिशात घालून घरी आले, फडताळात ठेवली, आणि क्लास बंद झाल्यावर दोरी घरी आणली तशी इथे लावली. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, काम झालेलं नाही. मग विचारून टाका की तिला, म्हटलं. तर म्हणाले, आता विचारलं तर तिला वाटेल मी तिला दोष देतोय. विचारायचं नाही, आणि विचारलं नाही म्हणून काढायची नाही. आठ वर्षं! हातपाय चालत होते तोवर दर दिवाळीला दोरी पुसायची आणि ही चिठ्ठी पुन्हा लावायची."

म्हणजे "ही चूक माझी आहे" असं सर म्हणाले ते मला पाठीशी घालायला नव्हे. त्यांनी पाहिलं होतं, त्यांना ठाऊक होतं, विचारायचं त्यांच्याकडून राहिलं होतं, आणि त्यांच्या हिशेबी ती त्यांचीच चूक होती. मी आठ वर्षं सांगायचं ठरवत होते, ते आठ वर्षं विचारायचं. दिवाळीत त्यांचा डावा हात परत परत त्या दाराकडे जात होता... चहा नव्हता तो.

"मग आता सांग की," काकू म्हणाल्या.

मी दोरीपाशी उभी राहिले. लाज वाटली, पण मोठ्याने म्हटलं, "नाही सर. जुनी भरती काढली नव्हती. मी विसरले होते." आणि चिमटा दाबला. चिठ्ठी हातात आली. चिमट्याच्या जागी कागद अजून पांढरा होता.

"दे तो चिमटा इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी कॅलेंडरचा एक कोपरा फाडला, त्यावर शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि त्याच जागी लावलं. मी वाचलं: "रविवार, दहा वाजता, मनीषाचा फोन, उचलणे."

सरांची ती चिठ्ठी मी बरोबर आणली आहे. पुढच्या रविवारी पुण्याहून बरोबर दहाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"थांब गो," काकू म्हणाल्या, "आधी चिठ्ठी काढून येते."